कर्णा ते कन्सोल : एका जुन्या मिक्सरच्या निमित्ताने



यंदाच्या पहिल्याच बैठकीत आपल्या खजिनदारांनी विषय काढला, "दरवर्षी साउंडवाल्याला भाडे देण्यापेक्षा मंडळाचा स्वतःचा एक सेकंडहँड मिक्सर घेऊन टाकू. साहेब रेल्वेत सिग्नल आणि टेलिकॉमला आहेत, तेच बघतील." सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. घरी येऊन सांगितले की मंडळासाठी मिक्सर बघायचाय, तर सौ. म्हणाली, "महाप्रसादाच्या चटणीसाठी का?" असो. हा मिक्सर चटणीचा नव्हे, आवाजाचा. पाच-सहा माईक, पेटी, तबला, कीबोर्ड असे सगळे आवाज ज्यात येतात, हवे तेवढे कमी-जास्त होतात आणि मग एकत्र होऊन स्पीकरकडे जातात, ती खुंट्या आणि सरकपट्ट्यांची पेटी. मोठी असली की तिला कन्सोल म्हणतात.

मी पडलो डिप्लोमावाला. कुठलेही यंत्र हातात घेतले की ते आले कुठून, हे आधी विचारायची खोड. त्या चौकशीत जी माहिती जमली ती या लेखात मांडतो. शेवटी मंडळापुढच्या प्रश्नालाही उत्तर देईन, आणि त्यासोबत माझी एक चूकही कबूल करीन.

आवाज होता, माईक नव्हता

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हा वीजच नव्हती. त्याच १८४३ साली आजच्या कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी त्यांचे 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आले आणि मराठी संगीत नाटकाची वाट मोकळी झाली. म्हणजे आपल्या संगीत नाटकाचे पाळणाघर कर्नाटकच्याच मातीत आहे. आनेकलमध्ये बसून हे वाचताना बरे वाटते!

त्या काळचे नट माईकशिवाय गात. शेवटच्या रांगेतल्या माणसाला पद ऐकू गेले पाहिजे, ही जबाबदारी गळ्याची. म्हणून उंच पट्टी, मोकळा आवाज आणि स्पष्ट शब्दोच्चार. दुसरी जबाबदारी प्रेक्षकांची, ती म्हणजे गप्प बसण्याची. १८९३ नंतर लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले, मेळे निघाले, व्याख्याने होऊ लागली. तो सारा खटाटोपही उघड्या गळ्यावरच चालला. आपल्या बेंगळुरूत रस्त्यावर विजेचे दिवे लागले ते १९०५ साली, शिवनसमुद्रच्या विजेवर. दिवे आले तरी आवाज मोठा करणारे यंत्र यायला अजून अवकाश होता.

कर्णा आला

अमेरिकेत जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी बनवलेला 'मॅग्नाव्हॉक्स' कर्णा १९१५ च्या नाताळात सॅन फ्रान्सिस्कोत हजारो लोकांनी ऐकला. १९१९ साली सॅन दिएगो येथे अध्यक्ष विल्सन यांचे भाषण अशाच कर्ण्यांवरून सुमारे पन्नास हजार लोकांपर्यंत पोचले. एका माणसाचा साधा बोलण्याचा आवाज एवढ्या गर्दीला ऐकू जातो, ही माणसाच्या इतिहासातली नवीच गोष्ट होती.

आपल्याकडे हे काम मुंबईच्या 'शिकागो रेडिओ' या मोटवाने कुटुंबाच्या पेढीने केले. १९३० च्या दशकापासून काँग्रेसच्या सभा-अधिवेशनांत त्यांचे कर्णे असत, आणि जुन्या छायाचित्रांत नेत्यांच्या पुढच्या माईकवर ते नाव दिसते. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. त्याला साहित्य पुरवले म्हणून या पेढीच्या नानिक मोटवाने यांनाही अटक झाली होती. आज आपण ज्याला नुसते 'माईक लावणे' म्हणतो, त्या कामासाठी माणसे तुरुंगात गेली आहेत.

कर्ण्याने आपल्या गाण्याची जातही बदलली. गजाननराव वाटवे यांच्या भावगीतांचे जाहीर कार्यक्रम १९४० च्या दशकात गणेशोत्सवात होत, तेव्हा पुण्याचे रस्ते माणसांनी भरून जात. भावगीत म्हणजे जवळ बसून मनातले सांगितल्यासारखे गाणे. ते ओरडून म्हणता येत नाही. माईक नसता तर ते दिवाणखान्यातच राहिले असते. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या 'गीतरामायणा'ची छप्पन्न गीते वर्षभर प्रसारित झाली आणि घराघरात पोचली, तेही माईकमुळेच. माझ्या मते माईकचा खरा उपयोग हाच. मोठा आवाज आणखी मोठा करण्यासाठी त्याची गरज नाही. हळू आवाज शेवटच्या माणसापर्यंत नेण्यासाठी तो आहे.

टेलिफोनचे लेकरू

आता थोडे माझ्या खात्याचे. मिक्सर उघडून पाहिला की टेलिकॉमच्या माणसाला घरी आल्यासारखे वाटते, कारण तो टेलिफोन एक्सचेंजचाच वंशज आहे.

गिटार किंवा कीबोर्डची वायर ज्या जाड पिनेने मिक्सरला जोडतात, ती पाव इंची जॅकपिन एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन स्विचबोर्डवरची. ऑपरेटरबाई एका भोकातून काढून दुसऱ्यात खुपसत, तीच. आवाज मोजण्याचे 'डेसिबल' हे माप अमेरिकेच्या बेल टेलिफोनच्या इंजिनिअरांनी १९२० च्या दशकात रूढ केले. लाइनवर आवाज किती क्षीण होतो, हे त्यांना मोजायचे होते. त्यातला 'बेल' म्हणजे टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल.

माईकच्या वायरीचेही तेच. माईकमधून निघणारा विजेचा दाब जेमतेम काही मिलिव्होल्ट. एवढासा दाब तीस-चाळीस मीटर वायरीतून मिक्सरपर्यंत न्यायचा, वाटेत मंडपाच्या लाइटिंगच्या वायरी, जनरेटर. मग घरघर कशी येणार नाही? यावर टेलिफोनवाल्यांनी शोधलेला उपाय म्हणजे पिळाची जोडी. आवाज दोन तारांतून उलट-सुलट पाठवायचा. बाहेरची घरघर दोन्ही तारांत सारखीच शिरते. शेवटी एका तारेतून दुसरी वजा केली की घरघर जाते आणि आवाज राहतो. रेल्वेत पंचवीस हजार व्होल्टची ओव्हरहेड तार आली, तेव्हा रुळांशेजारच्या टेलिफोन तारांत अशीच घरघर शिरू लागली. म्हणून विद्युतीकरण झाले की आम्ही त्या लाइनी जमिनीखाली केबलमध्ये नेतो. तत्त्व तेच, आकार वेगळा.

काही माईकना मिक्सरमधूनच ४८ व्होल्ट द्यावे लागतात. ही पद्धत न्यूमन या जर्मन कंपनीने १९६६ साली नॉर्वेच्या आकाशवाणीसाठी काढली. टेलिफोन एक्सचेंजही ४८ व्होल्टवरच चालते, पण तो योगायोग.

बेंगळुरूला तर हा सगळा वंशवृक्ष अंगणातच आहे. १९४८ साली इथे आय.टी.आय. म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज सुरू झाली, १९५४ साली बी.ई.एल. आपल्यापैकी कित्येकांचे वडील किंवा काका याच कारखान्यांच्या नोकरीपायी या गावी आले आणि इथलेच झाले. आणि ज्या शहरात इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने, तिथे सुट्या भागांचा बाजार आलाच. आपला एस.पी. रोड म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली यांचा सख्खा भाऊ.

कन्सोलचा जन्म

बरीच वर्षे सभेला एकच माईक पुरे. अॅम्प्लिफायरवरच दोन-तीन खुंट्या, की झाला मिक्सर. दिल्लीच्या आहुजा कंपनीची (स्थापना १९४०) तशी यंत्रे आपल्या मंडपांत, शाळांत आणि रेल्वे स्टेशनांवर आजही आहेत. त्यांतले एखादे चाळीस वर्षे चाललेले मी स्वतः पाहिले आहे.

अडचण आली ती वाद्यवृंदाची. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सचा कार्यक्रम झाला. पंचावन्न हजारांवर माणसे आणि त्यांचा आरडाओरडा. गाणाऱ्यांना स्वतःचे गाणे ऐकू येईना. स्टेजवरच्या कलाकाराला त्याचाच आवाज परत ऐकवणारे वेगळे स्पीकर तेव्हा रूढ नव्हते. या आणि अशा कार्यक्रमांनंतर मोठ्या मैफलींसाठी खास कन्सोल बनू लागले, ज्यात प्रत्येक माईकला स्वतःची उभी रांग, त्यात जाड-बारीक आवाजाच्या खुंट्या आणि गायकाला परत पाठवायच्या आवाजाची वेगळी वाट. १९७३ साली इंग्लंडात साउंडक्राफ्ट कंपनी निघाली. तिचा 'सिरीज वन' हा मिक्सर प्रवासाच्या मजबूत पेटीतच बांधलेला होता. गाडीत टाका, गावोगाव फिरा. मिक्सर स्टुडिओतून रस्त्यावर उतरला तो असा, आणि रस्त्यावर उतरलेली वस्तू केव्हातरी सेकंडहँड होतेच!

आपल्याकडे १९९१ पूर्वी परदेशी माल आणणे म्हणजे परवाना आणि जबर जकात. त्यामुळे परदेशी कन्सोल मोजक्या वाद्यवृंदांकडे आणि मोठ्या साउंडवाल्यांकडेच असत. नव्वदच्या दशकात दारे उघडली. मग डिजिटलची लाट आली. यामाहाने १९९४ साली 'प्रोमिक्स ०१' हा छोटा डिजिटल मिक्सर काढला, २००५ साली 'एम ७ सी एल' हा मोठा. २०१२ साली बेरिंजर कंपनीचा 'एक्स ३२' आला आणि बत्तीस माईकचा डिजिटल कन्सोल मध्यम साउंडवाल्याच्याही आवाक्यात आला. एक बटण दाबले की मागच्या कार्यक्रमाची सगळी मांडणी परत हजर. मोठ्या साउंडवाल्यांनी आपले जुने, दोन-चार जणांनी उचलावे लागणारे अॅनालॉग कन्सोल काढायला सुरुवात केली. यंत्रे वाईट नव्हती, पण वजनदार होती, आणि गिऱ्हाईक नव्या मॉडेलचे नाव घेऊन मागणी करत होते. आज बाजारात जो माल फिरतो, त्यातला पुष्कळसा इथून आलेला. आता तर पहिल्या फळीतले डिजिटल कन्सोलही त्याच वाटेने येऊ लागले आहेत.

माझी चूक

आता कबुली. २०१८ साली मंडळाने एक जुना अॅनालॉग मिक्सर घेतला होता, हे नव्या सभासदांना ठाऊक नसेल. पसंत मी केला होता. दुकानात एक माईक लावला, "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" म्हटले, दिवे लुकलुकले, आणि पैसे दिले. दहा मिनिटांचे काम.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलांचे नाटक होते. ही मुले जिगणी, बोम्मसंद्र, चंदापूर भागातली. शाळेत इंग्रजी, मैदानात कन्नड, आणि मराठी फक्त जेवायच्या ताटापुरती. दोन महिने रविवारी बसून त्यांनी मराठी संवाद पाठ केले होते. एका मुलीचे आजोबा केवळ त्यासाठी मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने आले होते. पहिला प्रवेश छान झाला. दुसऱ्यात आधी घरघर, मग खरखर, मग सगळे शांत. मिक्सर मेला. मुले बिचारी बोलतच राहिली. मागे गप्पा, खुर्च्यांचे आवाज, बाहेर वाहनांचे हॉर्न. पाचव्या रांगेच्या पुढे एक शब्द गेला नाही. आजोबा सातव्या रांगेत होते.

रात्री घरी नेऊन मी मिक्सर उघडला. आत गुलाल! सरकपट्ट्यांच्या फटींतून गेलेला, वर्षानुवर्षांच्या मिरवणुकांचा, ओल धरून घट्ट झालेला. पॉवर सप्लायमधले दोन कपॅसिटर फुगून वर आले होते. मरणपत्र तयारच होते, फक्त तारीख आपल्या मंडपात पडली. दुकानदाराला मी दोष देत नाही. चार स्क्रू काढून आत पाहिले असते तर मला तिथेच दिसले असते. ज्या खात्यात तपासणीची सही झाल्याशिवाय गाडी पुढे जात नाही, त्या खात्यातला मी, आणि मुलांच्या नाटकाला न तपासलेले यंत्र दिले. एस.पी. रोडवरून कपॅसिटर आणले, पट्ट्या साफ केल्या, खर्च हजाराच्या आतच आला. तो मिक्सर आजही अथर्वशीर्षाच्या पठणाला चालतो. पण ते नाटक परत झाले नाही. पुढच्या वर्षी ती मुलगी दहावीला होती.

आपले ज्येष्ठ सभासद नाना त्या रात्री मला म्हणाले, "अहो, मुलांना आवाज नव्हता असं नाही. पूर्वी माईक नव्हता तेव्हा आम्ही ऐकायला गप्प बसायचो. आता माईक असतो म्हणून कुणी गप्प बसत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

घ्यायचा तर कसा घ्यायचा

तेव्हा मंडळाच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : सेकंडहँड जरूर घ्यावा. चांगल्या घराण्याचा जुना मिक्सर हा कामचलाऊ नव्यापेक्षा बरा. पण जुना मिक्सर घेणे म्हणजे त्याचा पूर्वेतिहास विकत घेणे. म्हणून आधी विचारायचे, हा होता कुठे? सभागृहात एका जागी बसलेला, की मिरवणुकीच्या ट्रकवर फिरलेला? कोरड्या हवेतला, की कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळी गोदामातला?

मग तो दोन तास चालू ठेवायचा. गरम झाल्याशिवाय आजार बाहेर पडत नाही. प्रत्येक रांगेत, एकही न वगळता, तोच माईक लावून बोलायचे. प्रत्येक सरकपट्टी वर-खाली करून खरखर ऐकायची. ४८ व्होल्ट प्रत्येक सॉकेटवर मीटरने मोजायचे. वायर हलकेच हलवून सॉकेट सैल आहे का बघायचे. काहीही न लावता सगळ्या पट्ट्या वर करून कानाला हेडफोन लावायचा, घरघर आहे का ऐकायचे. शेवटी मालकाच्या परवानगीने झाकण उघडायचे. गुलाल, गंज, फुगलेले कपॅसिटर, जळका वास. मालक उघडू देत नसेल तर नमस्कार करून बाहेर पडायचे.

डिजिटल असेल तर आणखी तीन गोष्टी. पडद्याला सगळीकडे बोट लागते का, आपोआप सरकणाऱ्या पट्ट्या अडकत नाहीत ना, आणि कंपनी त्या मॉडेलचे सुटे भाग अजून देते का. अॅनालॉगची एक रांग गेली तर बाकीच्या चालतात आणि आपला एखादा डिप्लोमावाला ती दुरुस्तही करतो. डिजिटलचा मुख्य बोर्ड गेला तर सगळेच जाते. म्हणून माझी शिफारस चांगल्या कंपनीच्या सोळा माईकच्या अॅनालॉगची. आपल्याला तेवढा पुरतो. आणि घेतलेला मिक्सर उत्सवाच्या निदान महिनाभर आधी घरी आला पाहिजे, आदल्या दिवशी नव्हे.

शेवटची खुंटी

मिक्सर आपला झाला की आवाज किती ठेवायचा हेही आपल्याच हातात येते, म्हणून एवढे सांगतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा बंद. सणासुदीला सरकार वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, बारापर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. डेसिबलचा हिशेब फसवा असतो. तीनने वाढला की स्पीकरची ताकद दुप्पट लागते, दहाने वाढला की दहापट. म्हणून खुंटी थोडीशी फिरवली तरी शेजारच्या घरातली खिडकी थरथरते. आनेकलचा करग असो, हुस्कूरच्या मद्दुरम्माची जत्रा असो की आपला गणपती, या गावाने आपल्याला सामावून घेतले आहे. आपल्या आरतीने शेजारच्या घरातले तान्हे बाळ दचकून उठता कामा नये.

यंदा मुलांचे नाटक पुन्हा बसवायचे ठरले आहे. नवी मुले, नवे संवाद. मिक्सर मी उघडून पाहीन, दोन तास चालवीन आणि तपासणीच्या कागदावर सही करून मंडळाच्या फायलीत लावीन. सातव्या रांगेत मी स्वतः बसून ऐकणार आहे. उरलेले काम आपल्या सर्वांचे. मुले बोलायला उभी राहतील तेव्हा आपण गप्प बसायचे.

गणपती बाप्पा मोरया!